लटक्याभाऊ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइलच्या टॉवरवर माणूस चढलेला दिसला, की खालची गर्दी दोनच प्रश्न विचारते. मागणी काय हाय? अन् पेपरवाल्याले सांगतलं का? 'शोले' १९७५ साली आला. त्यातला वीरू टाकीवरून केव्हाच उतरला, पण 'वीरूगिरी' हा शब्द आमच्याकडच्या बातम्यांच्या मथळ्यावर जो चढला तो उतरायला तयार नाही. पीकविमा, कर्ज, रस्ता, माहेरी गेलेली बायको, कशासाठीही माणूस वर जातो. अशा जिल्ह्यात लटक्याभाऊची पंचाईत अशी, की तो वर्षातले निम्मे दिवस उंचावरच असतो आणि त्याची मागणी काहीच नसते.

"मले वर चढाचा पगार भेटते," असं तो पानठेल्यावर सांगतो तेव्हा ऐकणारे एकमेकांकडे पाहतात. फुकट चढणारे एवढे मोकळे फिरत असताना पैसे मोजून माणूस वर पाठवणारी कंपनी असेल तरी कोणती? त्याच्या ओळखपत्रावर 'रोप अ‍ॅक्सेस टेक्निशियन' असा हुद्दा आहे. गावानं तो सोपा करून 'लटक्या' केला. पुढे घराला स्लॅब पडला, दारात मोटरसायकल आली, तेव्हा त्याच गावानं त्यामागे 'भाऊ' जोडला.

काम सांगायला सोपं आहे. जिथे शिडी पुरत नाही आणि परांची बांधणं परवडत नाही, तिथे दोरावर बसून जायचं आणि हातातलं काम उरकून यायचं. चिमणीला रंग द्यायचा, सायलोच्या भिंतीला धरलेला थर खरवडायचा, पत्र्याची जाडी यंत्रानं मोजायची, पवनचक्कीच्या पात्याची चीर बुजवायची. साताऱ्याकडे वनकुसवड्याचं पठार, धुळ्याकडे ब्राह्मणवेल, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात बॉम्बे हाय, असा त्याचा संचार. घाटात दरड कोसळू नये म्हणून कड्यावर जाळ्या ठोकायलाही हीच मंडळी लागतात. गावाला यातलं काही पटत नाही. "मुकुटबनले एवढा सिमेंटचा कारखाना २०२२ साली चालू झाला, तिथं काऊन लागत नाई बे?" असं त्याला येता-जाता विचारलं जातं. भट्टी बंद ठेवून दुरुस्ती काढतात तेव्हा बाहेरच्या टोळ्या बोलावतात, कायमची अशी नोकरी नसते, हे तो समजावून सांगतो. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "म्हंजे रोजंदारीच हाय ना?"

तरुण पोरांची चौकशी निराळी. बुर्ज खलिफा ही इमारत ८२८ मीटर उंच, आणि २०११ सालच्या इंग्रजी सिनेमात टॉम क्रूझ तिच्यावर लटकला होता, हे आमच्या प्रत्येक पोट्ट्याला पाठ आहे. "थे खरं हाय का भाऊ?" "खरं हाय. लटकलाच होता. त्याचे दोर मागून कॉम्प्युटरवर पुसले. आपले दोर कोनी पुसत नाई, म्हनून आपन हीरो दिसत नाई."

गावाचा ठाम समज असा, की लटक्याभाऊ म्हणजे वाघाच्या काळजाचा माणूस. वस्तुस्थिती अशी, की सोळा तालुक्यांत शोधून त्याच्याइतका भित्रा माणूस सापडणार नाही. फरक एवढाच, की बाकीचे अंगभूत भित्रे असतात आणि यानं भिण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. गुहा धुंडाळणाऱ्या हौशी लोकांची ही दोरविद्या. ब्रिटनमधल्या मंडळींनी ती उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांवर कामाला लावली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'इराटा' नावाची संघटना काढून तिला नियमांत बांधलं. चार दिवस शिकवणी, पाचव्या दिवशी परीक्षा, आणि परीक्षक बाहेरचा. पास झालात की लेव्हल वन. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. वरची लेव्हल हवी तर किमान एक वर्ष आणि १००० तास दोरावर काढायचे आणि प्रत्येक तास लॉगबुकात लिहून त्यावर वरिष्ठाची सही घ्यायची.

ते लॉगबुक त्यानं बापाला मोठ्या अभिमानानं दाखवलं. बापानं पानं उलटली. "एवढे तास लटकला थे लिहून ठेवते? अन् त्याच्यावर सही भेटते?" बराच वेळ विचार करून म्हातारा म्हणाला, "माह्ये वावरातले तास कोनी लिहिले असते, तं मी आज लेव्हल वीस असतो."

या विद्येचा सारा अर्क एका वाक्यात मावतो : कशावरही एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही. दोर दोन. एक कामाचा, एक राखणीचा. दोन्ही वेगवेगळ्या अँकरला बांधलेले. राखणीच्या दोरावर एक छोटं यंत्र माणसासोबत मुकाट्यानं सरकत असतं आणि झटका बसला की दोर घट्ट धरतं. दोराच्या खालच्या टोकाला गाठ, म्हणजे उतरता उतरता दोर संपला तरी माणूस निसटत नाही. जिथे दोर काठाला घासतो तिथे त्याला आवरण, कारण दोराचा खरा वैरी वजन नव्हे, धार. रोज सकाळी दोर बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायचा. आपला पट्टा आपण तपासला तरी जोडीदारानं पुन्हा तपासायचा. आणि माणूस वर जाण्याआधीच त्याला बेशुद्धीत खाली कसा आणायचा याचा बेत ठरवून ठेवायचा, कारण पट्ट्यांत निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि थोड्या मिनिटांत प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं.

"मंग हिंमत लागते तरी कुठी?" असं कुणी विचारलं तर तो सांगतो, "वारा सुटला की साहेबाले 'आज नाई' म्हनाले."

ही विद्या साइटवर ठेवून घरी येता आली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्या अंगात मुरली आहे. लटक्याभाऊ सुटीवर आला, की घरातल्या यच्चयावत लोंबत्या वस्तूंची संख्या दुप्पट होते. कपडे वाळत घालायची दोरी एक होती, तिच्या वर आणखी एक आली. तिच्या टोकाला आठाची गाठ, मध्ये फुलपाखरू गाठ, आणि तपासणीची तारीख लिहिलेलं लेबल. मायला ती दोरी सोडवून धुता येत नाही आणि तोडायची तर सुरी चालत नाही. मोटरसायकलला दोन कुलपं, दोन वेगळ्या खांबांना. मोबाइलमध्ये दोन गजर, आणि शिवाय एक जुनं चावीचं घड्याळ, "बॅटरी गेली तं?" म्हणून.

कुणाच्याही घरी गेला की तो आधी माणसाकडे नाही, छताकडे पाहतो. पंख्याखाली खुर्ची दिली तर बसत नाही. हूक कोणत्या साली बसवला, सळई किती जाडीची, स्लॅब टाकतानाच बसवला की मागून ठोकला, एवढं कळल्यावर मग चहा. लग्नाच्या मांडवात इतर लोक नवरीकडे पाहत असतात तेव्हा हा बांबूच्या जोडावरचा सुतळीचा वेढा हलवून पाहतो. एकदा बांबू हललाही. तेव्हापासून मांडव-डेकोरेशनवाले त्याला आमंत्रण जाऊ नये म्हणून यजमानाच्या पाया पडतात.

खर्रा त्यानं सोडला आहे. आमच्याकडे खर्रा सोडणं ही संन्यासाच्या आसपासची घटना, म्हणून लोकांनी कारण विचारलं. कुणाला वाटलं डॉक्टरांनी भीती घातली असेल. कारण वेगळंच होतं. उंचावरून खाली पडणारी प्रत्येक वस्तू अपघाताच्या वहीत नोंदवावी लागते. त्यासाठी पान्हासुद्धा कमरेला दोरीनं बांधतात. "पान्हा बांधता येते," तो म्हणाला, "पिचकारी कशी बांधाची?"

मायचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. आमच्या जिल्ह्याच्या बातम्यांत दोर हा शब्द कशासोबत येतो हे मायला सांगावं लागत नाही. पोरगा पहिल्यांदा फोनवर आनंदानं ओरडला, "माय, आज दिवसभर लटकलो!" तेव्हा तिनं फोन देवाजवळ ठेवला आणि शेजारणीला बोलावलं. तेव्हापासून घरात दोन शब्द वर्ज्य आहेत. लटकलो म्हणायचं नाही, 'बसलो' म्हणायचं. दोर म्हणायचं नाही, 'सामान' म्हणायचं. "माय, आज चिमणीवर बसलो होतो. सामान चांगलं होतं," एवढं ऐकलं की माय जेवते. एवढ्या नियमांच्या धंद्यातला हा एकच नियम त्यानं का म्हणून विचारलं नाही.

शिवजयंतीला तालुक्याहून वक्ते आले होते. सिंहगड रंगात आला. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी, कडा, घोरपड. सभा भारावली असताना मागून हात वर झाला. "साहेब, तानाजीराव लय मोठा मानूस, त्यात वाद नाई. पन आमच्यात अँकरले १५ किलोन्यूटन सोसावं लागते. म्हंजे दीड टन. घोरपडीची टेस्ट कोनी घेतली होती?"

"ती यशवंती होती!" वक्ते गरजले. टाळ्या पडल्या. लटक्याभाऊ बसला. पण सूर्याजीनं परतीचे दोर कापले त्या प्रसंगी त्याला राहवेना. भाषण संपल्यावर तो वक्त्यांना चहाच्या टेबलाशी गाठून म्हणाला, "साहेब, दोर कापनं म्हंजे मर्दानगी, हे तुम्ही लहानपनापासून पोट्ट्याइच्या डोक्शात भरता. मंग थेच पोट्टे साइटवर आले की मी एकटा त्याइले काय-काय समजावू?" वक्त्यांनी इतिहास म्हणजे काय हे त्याला ऐकवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बराबर हाय. सूर्याजीरावले गड घ्याचा होता. मले फक्त संध्याकाळी जेवाले घरी यायचं असते."

लग्न जमायला वेळ लागला. मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारत आणि उत्तर ऐकून दुसरा विचारत नसत. एका ठिकाणी "मी लेव्हल टू हावो" असं त्यानं सांगताच मुलीच्या मामांनी त्याला सोफ्यावरून उठवून मोठ्या खुर्चीत बसवलं. मामांना ते 'क्लास टू' ऐकू आलं होतं. पोहे संपून चहा येईपर्यंत मामा बदलीच्या ओळखीपाळखी काढत होते. उलगडा झाला तेव्हा चहाचा कप अर्ध्या वाटेतून आत परत गेला.

शेवटी घाटंजीकडच्या एका मुलीनं त्याला थेट विचारलं, "एक दोर तुटला तं दुसरा हाय. पन दोन्ही एकाच जाग्यावर घासले तं?" आजवर हा प्रश्न त्याला परीक्षकाखेरीज कुणी विचारला नव्हता. तो अर्धा तास बोलला. काठ, आवरण, दोराची वाट वळवणं, सगळं त्यानं चहाच्या बशीच्या कडेवर सुतळी ठेवून दाखवलं. आत गेल्यावर आईनं मुलीला विचारलं, "कसा वाटला?" ती म्हणाली, "एवढा भेनारा मानूस संसार सांभाळून करीन." लग्न झालं. मुहूर्त टळला, कारण नवरदेव मांडवाच्या खांबावर होता.

त्याची खरी कीर्ती झाली ती टाकीमुळे. शेजारच्या गावात एक शेतकरी पीकविम्यासाठी टाकीवर चढला. गर्दी जमली, गाड्या आल्या, भोंग्यावरून विनवण्या झाल्या. तो उतरेना. कुणाला तरी आठवण झाली, अरे, आपल्याजवळ तर वर चढायचं सर्टिफिकेटवालं माणूस आहे. लटक्याभाऊला मोटरसायकलवर घालून आणलं. लोकांची अपेक्षा, की हा आता शर्टाच्या बाह्या सारून सरसर वर जाणार. त्यानं पिशवीतून आधी कागद काढला.

"परमिट कोनाच्या सहीनं?" त्यानं विचारलं. मोठे साहेब लहान साहेबांकडे पाहू लागले. "वाऱ्याचा वेग? जोडीदार कोन? मी वर बेशुद्ध झालो तं मले कोन उतरवीन?" अर्धा तास यात गेला. मग तो टाकीभोवती फिरला, खांब ठोकून पाहिले, आणि वर पाहून मोठ्यानं म्हणाला, "रेलिंग पूर्ण गंजली हाय. याले अँकर मारता येत नाई. मानसानं टेकूसुद्धा नये."

आंदोलक रेलिंगला टेकूनच बसला होता. "काय म्हनता?" त्यानं वरून विचारलं.

"टेकू नका म्हनतो. शिडीचा वरचा बोल्टही ढिला दिसते."

टाकीवर एकदम शांतता झाली. मग आवाज आला, "मले खाली घ्या ना भाऊ!"

"थांबा. अजून रिस्क असेसमेंट व्हाचं हाय."

विमा बाजूला राहिला. पुढचा एक तास आंदोलक वरून उतरवण्याची मागणी करत होता आणि सुटका करणारा खालून ती फेटाळत होता. अखेर टाकीच्या काँक्रीटच्या दोन वेगळ्या खांबांना दोन दोर बांधून लटक्याभाऊ वर गेला, त्या माणसाला पट्टे चढवले, हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि पायरी-पायरीनं खाली आणलं. मागण्यांचं निवेदन उडू नये म्हणून तेही त्यानं माणसाच्या कमरेला दोरीनं बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : 'प्रशासनाच्या मध्यस्थीनंतर आंदोलन मागे.' त्यानंतर त्यानं गंजलेल्या रेलिंगबद्दल लेखी अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळालं, "टाकीत पाणी नाई भाऊ, रेलिंगचं काय घेऊन बसले?"

पोळ्याच्या दिवशी मात्र गावानं सगळा हिशेब चुकता केला. तोरणाखाली बैल उभे. लटक्याभाऊनं आपली जोडी दोन-दोन दोरांनी, दोन वेगळ्या खुंट्यांना बांधलेली. तोरण तुटलं, सगळे बैल निघाले, आणि याची जोडी जागच्या जागी, कारण सोडण्याआधी गाठी तपासायच्या राहिल्या होत्या. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात, त्यात कुणाला सोडत नाहीत. एका म्हाताऱ्यानं हात वर करून जागीच रचली :

"मोटारीले नाई लाइन, नळाले नाई पानी,
लटक्याचा बैल पाहा, बांधला दोन ठिकानी!
कर्जाले नाई माफी, कापसाले नाई भाव,
एका दोरावर लटकते माहं सारं गाव!"

पहिल्या दोन ओळींना गाव पोट धरून हसलं. पुढच्या दोन ओळींना तेवढं हसू आलं नाही. हर हर महादेव झालं आणि बैल घरोघर पूजेला गेले.

लटक्याभाऊला मात्र ती शेवटची ओळ तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटली. दुसऱ्या दिवशी तो बापाच्या मागे वावरात गेला आणि धुऱ्यावर उभं राहून त्यानं तपासणीचा निकाल सांगितला. "बाबा, बुढा खरं बोलला. आपलं सारं कोरडवाहू. एक पीक, एक हंगाम, एक सावकार. माह्या साइटवर असा मानूस दिसला तं मी त्याले वर चढू देत नाई. दुसरा दोर पायजे."

बाप विडी पेटवत होता. ती पेटवून झाल्यावर म्हणाला, "लेव्हल टू हायेस ना? ओळी मोज."

त्यानं मोजल्या. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीची एक. पुन्हा कपाशी, पुन्हा तूर. लहानपणापासून तो या ओळींतून धावला होता.

"कपाशी गेली तं तूर हाती लागते," बाप म्हणाला. "तुह्या त्या इंग्रजाची संघटना निंघाच्या आधीपासून माहा आजा पेरत होता. अन् त्याच्याजवळ लॉगबुक नोतं."

लटक्याभाऊ खाली वाकला. तुरीचं खोड त्यानं बोटांत धरून चाचपलं, वरपासून खालपर्यंत. मग उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा परीक्षक आला. "दोर दोन हायेत, मानलं. पन बाबा, दोन्ही एकाच अँकरले बांधले ना. पानी नाई आलं तं दोन्ही संगच जातात. हे फेल हाय."

"फेल तं फेल," बाप म्हणाला. "चढ मंग वर अन् ठोक दुसरा अँकर. सर्टिफिकेट तुह्याजवळ हाय. फक्त जायच्या आधी परमिट घे, नाई तं वरचा साहेब सही करत नाई म्हनून चार महिने तितंच बसशीन, अन् निंदनाले मले मजूर पाहा लागतीन."